हातावरचं दही

"साखर कुठं ठेवतीस गं?" आईनं विचारलं, आणि मी तिसरं कपाट उघडलं.

पहिल्या कपाटात कपबश्या निघाल्या होत्या, दुसऱ्यात टेबलावर घालायच्या चादरी. तिसऱ्यात बुटाचं पॉलिश, मेणबत्त्या आणि काळ्या कव्हरचं बायबल. शेगडीवर चहाचं पाणी आटून निम्म्यावर आलं होतं. आई ओट्याला टेकून उभी होती आणि माझ्या हातांकडं बघत होती.

"कालच सगळं आवरलं, तू येणार म्हणून," मी म्हटलं. "कुठं काय ठेवलं तेच आठवंना."

"होतंय तसं," आई म्हणाली.

आईनं एखादी गोष्ट इतक्या सहजी मान्य केली की समजावं, काहीतरी बिनसलंय. पण त्या वेळी मला समजून घ्यायला सवडच नव्हती. मला साखर शोधायची होती, आणि ते घर माझं नव्हतं.

ही गोष्ट २००२ सालच्या जूनमधली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि पूर्व लंडनमधल्या एका हॉस्पिटलात म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात नर्स होते. मिरजेहून येऊन दोन वर्षं झाली होती. राहायला होते ईस्ट हॅममध्ये, एका घराच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत. खोली म्हणजे एक खिडकी, एक कपाट आणि एक पलंग. आणि तो पलंगही अर्धाच माझा होता. उरलेला अर्धा लिसीचा.

लिसी केरळातल्या कोट्टयमची. ती कायम रात्रपाळीला, मी दिवसपाळीला. सकाळी मी पलंगावरून उठायची, माझी निळी उशी बाजूला सारून तिची फुलाफुलांची मांडायची आणि कामावर जायची. आठ-साडेआठला ती येऊन झोपायची. संध्याकाळी उलट. लंडनमध्ये जागा इतकी महाग, की दोघींनी दोन पलंग अडवणं आम्हाला परवडण्यासारखं नव्हतं. दोघींना एकदम सुट्टी आली तर एक जण खाली गादी टाकायची, आणि त्या रात्री आम्ही इतक्या गप्पा मारायचो की पलंग रिकामाच राहायचा. एरवी आमचं बोलणं आरशावर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांतून चाले. 'भात झाकून ठेवलाय.' 'खालच्या माणसानं पुन्हा आपलं दूध प्यायलं.' 'तुझा तो डॉक्टर आज लिफ्टमध्ये भेटला, टक्कल पडतंय त्याला.'

खरं सांगायचं तर मी सुखात होते. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळाली की मला राज्य मिळाल्यासारखं वाटायचं. सुट्टीच्या दिवशी मी डबा घेऊन निघायची. फुकटात बघता येतील अशी म्युझियमं इतकी, की दोन वर्षांत माझी निम्मीसुद्धा झाली नव्हती. वॉर्डातले म्हातारे मला मालनऐवजी 'मॅलन' म्हणायचे आणि मुद्दाम माझ्याकडूनच इंजेक्शन घ्यायचे. मिरजेत मी आक्काताई जंगमांची पोरगी होते. इथं मी कुणाचीच कोणी नव्हते, आणि ते मला भारी आवडायचं.

पण आईला हे सांगायची सोय नव्हती. आई मिरजेला हॉस्पिटलांच्या गल्लीत पोळीभाजी केंद्र चालवायची. पेशंटच्या नातेवाइकांना डबे. वडील मी नर्सिंगला असतानाच गेले, त्यानंतर त्या पोळ्यांवरच माझं शिक्षण झालं. मी लंडनला जाणार म्हटल्यावर ती आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "डोक्यावर धड छप्पर नसलं तर दुसऱ्या दिवशी परत यायचं. हाल काढायला पोरगी जन्माला घातली न्हाई मी. घे शपथ." मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

निघायच्या दिवशी ती माझ्याकडे पाठ करून पोळ्या लाटत बसली. आमच्या घरातून कोणीही कुठंही निघालं, परीक्षेला, नोकरीला, अगदी सांगलीला दाढ काढायला, तरी आई हातावर चमचाभर दही घालायची. ते चाटायचं आणि उंबरा ओलांडायचा. त्या दिवशी मी हात पुढं करून उभी राहिले. "दही न्हाई," ती मान वर न करता म्हणाली. "काल लावायचं ऱ्हायलं." माझ्या आठवणीत तिचं दही लावायचं कधी राहिलं नव्हतं. मी तशीच निघाले. विमानात बॅग उघडली तर आत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लाटणं होतं.

तर, खोलीबद्दल खरं सांगितलं असतं तर शपथेप्रमाणे परत जावं लागलं असतं. म्हणून मी पत्रातून एक घर बांधलं. आधी एक खोली लिहिली, मग दुसरी काढली, पुढं स्वयंपाकघर वाढवलं. एकदा श्रीमंत वस्तीतल्या एका पांढऱ्या खांबांच्या घरासमोर फाटकावर हात ठेवून फोटोसुद्धा काढला. तेवढ्यात घराचा मालक कुत्रा घेऊन बाहेर आला आणि काही हवंय का म्हणून विचारलं. मी त्याच्याच हातात कॅमेरा दिला. फार छान आला तो फोटो. आईनं तो केंद्रात गणपतीशेजारी लावला होता.

आणि मग मे महिन्यात फोन आला. "मी येतीय लंडनला. टूरनं."

"आई, अगं, टूरला केवढे पैसे लागतात."

"भिशी लागली," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी हादरले. वॉर्डात माझं चित्त ठिकाणावर नाही हे आमच्या सिस्टर ग्रेसनं ओळखलं. ग्रेस जमैकाची, साठीला आलेली. अंगानं दांडगी, आवाजानं त्याहून दांडगी. सगळं ऐकून घेऊन तिनं कमरेच्या जुडग्यातून किल्ली काढली. बो नावाच्या भागात पाचव्या मजल्यावर तिचं दोन खोल्यांचं घर होतं. "सकाळी सात ते संध्याकाळी पाच मी ड्युटीवर," ती म्हणाली. "तेवढा वेळ ते घर तुझं. पण एक सांगते. आईशी खोटं बोलायचं तर नीट बोल. अर्धवट खोटं आयांना लगेच कळतं."

मी नीट बोलायचं ठरवलं होतं. साखरेचा विचार मात्र केला नव्हता.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला मी इलफर्डच्या हॉटेलात आईला आणायला गेले होते. टूरची बाकी मंडळी नऊलाच राजवाडा बघायला गेली होती. आई एकटीच बाहेरच्या खोलीत बसली होती. नऊवारी, त्यावर तपकिरी स्वेटर, पायांत मोजे आणि पांढरे कॅनव्हासचे बूट. तिच्या पायांत मी जन्मात बूट पाहिले नव्हते. मला बघून ती उठली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, "वाळलीस."

"तू नाही गेलीस राजवाडा बघायला?"

"राजवाडा कुठं पळतोय?"

मी तिला पंचवीस नंबरच्या बसनं नेलं, वरच्या मजल्यावर, अगदी पुढं. झाडाची फांदी काचेवर घासली की ती मान खाली घालायची आणि मग हसायची. एवढी मोकळी हसताना मी तिला फार दिवसांनी बघत होते. निम्मा रस्ता ती लोकांच्या घरांकडं बघत होती. "इतकी घरं हाईत," ती शेवटी म्हणाली, "पण वाळवण कुठं घालतात ही माणसं?" तिच्या मनगटावर भाजल्याचा ताजा डाग होता. विचारलं तर म्हणाली, "हॉटेलातला नळ. लई गरम पाणी येतंय."

ग्रेसच्या घरात ती चपला... म्हणजे बूट दाराबाहेर काढून आत आली. समोरच्याच भिंतीवर हातभर उंचीची फोटोफ्रेम होती. फोटोत ग्रेस, चर्चला जायची जांभळी टोपी घालून. मी फ्रिजवरची नातवंडं काढून लपवली होती, पण ग्रेसचा चेहरा रोजच्या दिसण्यातला, म्हणून ही फ्रेम डोळ्यांतून सुटली होती.

"ही कोण?"

"घरमालकीण."

आईनं फोटोकडं बराच वेळ बघितलं. "घरमालकिणीचा फोटो लावलास? आणि देव कुठाय?"

"इथं भाडेकरूंनी लावायची पद्धत आहे," मी म्हटलं. आजही ते वाक्य आठवलं की मला स्वतःचं कौतुक वाटतं.

तिनं दोन्ही खोल्या पाहिल्या. पडद्याला हात लावून बघितला. सोफ्यावर बसली ती अगदी कडेला, डॉक्टरच्या दवाखान्यात बसावं तशी. मग ती स्वयंपाकघरात आली आणि ते साखरेचं झालं. साखर शेवटी सापडली, ब्रेडच्या डब्यामागं. तोवर चहा काढ्यासारखा झाला होता. आईनं तो सगळा प्यायला.

"लाटणं कुठाय? दिलेलं मी?" तिनं विचारलं.

"मोडलं."

"आंब्याच्या लाकडाचं व्हतं."

"पडलं खाली."

"बरं," ती म्हणाली. दुसऱ्यांदा मान्य केलं.

दुपारी मी तिला बागेत नेणार होते, तळं दाखवणार होते. पण ती सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायला लागली. तीनला म्हणाली, "मला साडेतीनला हॉटेल गाठलं पायजे."

"अगं, मंडळी सहाशिवाय येत नाहीत. राहा की."

"न्हाई बाई. हजेरी असतीया."

टूरवर आलेल्या माणसाची हजेरी कोण घेतं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही, कारण मला मनातून सुटल्यासारखं वाटत होतं. पाचच्या आत घर रिकामं होणार होतं, शपथ शाबूत राहणार होती. मी तिला हॉटेलच्या दाराशी सोडलं. ती आत येऊ देईना. "जा तू. मी जाते आत. जा." मी वळून पाहिलं तर ती दारात उभी राहून हातानं मला हाकलत होती.

बसमध्ये बसल्यावर तिकीट काढायला पर्स उघडली, तर आत आईचा चष्मा. ग्रेसकडं निघायच्या आधी तोंड धुताना तिनं माझ्याकडं दिला होता. चष्म्याशिवाय आईला समोरचं ताटसुद्धा नीट दिसत नाही. मी पुढच्याच स्टॉपला उतरले आणि उलट चालत निघाले.

काउंटरवरच्या मुलीला मी सांगितलं, इंडियन ग्रुपमधल्या मिसेस जंगम हव्यात. तिनं खोल्यांची यादी वरून खाली पाहिली. तसं नाव नव्हतं. मी आईचं वर्णन केलं. साडी, तपकिरी स्वेटर, पांढरे बूट. तिचा चेहरा खुलला. "अच्छा, त्या होय," ती म्हणाली. "मागच्या अंगणात. पण जरा जपून जा, तिथं कोणी मध्ये आलेलं त्यांना चालत नाही."

मागच्या अंगणात बस उभ्या करायची जागा होती आणि तिच्या कडेला एक पत्र्याची शेड. कांद्याच्या फोडणीचा वास मला कोपऱ्यावरच आला. शेडमध्ये दोन मोठ्या शेगड्या पेटल्या होत्या. एका शेगडीवर एक आचारी पातेल्यात डाव फिरवत होता. दुसऱ्या शेगडीसमोर उलट्या ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या खोक्यावर माझी आई बसली होती. पदर खोचलेला, बाह्या वर केलेल्या. पुढ्यात परात, परातीत कणकेचा डोंगर. चष्मा नसल्यानं ती पोळी नाकाजवळ नेऊन बघत होती आणि तव्यावर टाकत होती.

मी तशीच उभी राहिले. माझी आई इथंही, या एवढ्या लांबच्या शहरातही, लोकांच्या पोळ्याच लाटत होती.

तेवढ्यात मागून एक चाळिशीचा माणूस हातात कागद घेऊन लगबगीनं आला. गळ्यात टूर मॅनेजरचं ओळखपत्र, नाव प्रभुणे. "काकू, आज एक्केचाळीसच्या एक्केचाळीस जण जेवायला आहेत हं. आणि नाशिकच्या पार्टीला कढी हवीय. दही आहे ना?" मग त्यानं मला पाहिलं. माझा चेहरा त्यानं कुठंतरी पाहिलेला असावा, बहुधा फोटोत. "तुम्ही मालनताई ना? अहो, काकूंनी अर्धा दिवस सुट्टी घेतली होती तुमच्यासाठी. कामावर घेताना अटच घातली होती. म्हणाल्या, स्वित्झर्लंड नको, पॅरिस नको, लंडनला मला दोनदा अर्धा-अर्धा दिवस मोकळं सोडायचं. आज एक झाला, उद्याचा एक आहे."

आईनं मान वर केली. तिच्या तोंडावर मी लहानपणी चोरून चिंच खाताना सापडायची तसला भाव होता.

"भिशी लागली म्हणालीस," मी म्हटलं.

"तू म्हणालीस तुझं घर."

"माझंच आहे."

"साखर कुठं असतीया ते ठावं न्हाई, आणि घर तुझं?" आई म्हणाली. "मालन, मी तीस वर्सं लोकांच्या सैपाकघरात वावरलेय. बाई आपल्या घरात डोळं मिटून मीठ काढती."

प्रभुणे एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होता. मग तो म्हणाला, "मी कढीचं नंतर बघतो," आणि सटकला.

आधी कोण हसलं ते आता सांगता येणार नाही. मी म्हणते ती, ती म्हणते मी. पण हसायला लागलो ते थांबेचना. ती पदरानं डोळे पुसत "घरमालकिणीचा फोटो" एवढंच म्हणायची आणि पुन्हा हसायची. आचारी डाव हातात धरून बघत राहिला. शेवटी तव्यावरची पोळी जळाली तेव्हा आई भानावर आली. मी तिच्या डोळ्यांवर चष्मा चढवला, दुसरं खोकं उलटं केलं आणि तिच्या शेजारी बसले.

"लाटतीस, का फक्त बसतीस?"

मी लाटायला घेतलं. दोन वर्षांत हात गेला होता. त्या संध्याकाळी आम्ही दीडशेच्या वर पोळ्या केल्या असतील. तिनं मला सगळं सांगितलं. टूर कंपनीचा आचारी मिरजेचा, त्याच्या मदतीला पोळ्यांना बाई हवी होती. तिनं केंद्र शेजारणीवर सोपवलं, पासपोर्ट काढला, बूट घेतले. गेले नऊ दिवस ती रोज नव्या गावात पोळ्या लाटत होती. "बर्फ बघितला," ती म्हणाली. "हातात घेतला. कणीक मळायला चालंल काय बघितलं. चालत न्हाई."

मी मात्र माझ्या खोलीबद्दल काही बोलले नाही. तिनंही विचारलं नाही. जेवायच्या वेळी नाशिकच्या बाई पोळीचा टोपला घेऊन शेडमध्ये डोकावल्या. "काकू, आज निम्म्या पोळ्या नेहमीच्या आहेत, आणि निम्म्यांचे कुणीतरी नकाशे केलेत."

"लेक हाय माझी," आई म्हणाली. "लंडनात नर्स हाय." हे सांगताना तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं होतं.

निघताना तिनं माझं मनगट धरलं. हसू आता तोंडावर नव्हतं. "उद्या सकाळी ये. स्कॉटलंडची बस बाराला सुटती, तंवर मला वेळ हाय. जिथं ऱ्हातीस तिथं न्यायचं. आणि शपथ आठवतीया न्हवं?"

"आठवते."

"मग झालं."

त्या रात्री मला नीट झोप आली नाही, आणि पलंग तर सबंध माझा होता. सकाळी उठून मी खोली आवरायला घेतली आणि मधेच थांबले. एका खोलीत आवरायचं ते काय? जे होतं ते होतं. मी निळी उशीसुद्धा बाजूला ठेवली नाही.

हॉटेलातून तिला घेऊन आले, आणि नऊला आई माझ्या दारात उभी होती. जिना चढताना तिनं कठडा धरला नाही, भिंतीला हात लावत आली, ओल आहे का बघत. आत आल्यावर तिनं पहिल्यांदा खिडकी उघडली. समोर एका शाळेचं अंगण होतं, त्यात पोरं ओरडत होती. मग तिनं पलंग पाहिला. पलंगावरच्या दोन उशा पाहिल्या, एक निळी, एक फुलाफुलांची.

"दुसरी कुणाची?"

मी सांगितलं. सगळं. रात्रपाळी, दिवसपाळी, उशा. बोलताना माझा आवाज चढला, कारण रडू येत होतं आणि मला ते नको होतं. "आणि मला इथं राहायचंय, आई. हाल नाहीयेत हे. दिसायला आहेत, पण नाहीयेत."

ती आरशासमोर गेली. "हे काय चिकटवलंय?"

"चिठ्ठ्या. आम्ही भेटत नाही ना."

"वाच."

मी वरची चिठ्ठी मराठीत करून वाचली. "'तुझी आई आली की मला उठव. नाही उठवलंस तर महिनाभर तुझ्याशी बोलणार नाही.'"

"तसंबी बोलत न्हाईच की तुमी," आई म्हणाली, आणि मला जरा धीर आला. "चल, चा कर."

स्वयंपाकघर खाली, सहा जणांत एक. मी भांडं शेगडीवर ठेवलं आणि आईकडं बघत बोलत राहिले. हात मागं नेऊन साखर काढली. खाली न बघता चहाची पत्ती काढली. डाव्या फडताळात, लिसीच्या मिरचीच्या बाटलीमागं, माझा वेलदोड्याचा डबा होता, तो काढला. मला कळलंच नाही मी काय करतेय. आईच्या नजरेवरून कळलं. तिनं फडताळातून माझं लाटणं बाहेर काढलं होतं. आंब्याच्या लाकडाचं, मधोमध झिजलेलं, टोकाला पिठाचा डाग.

"मोडलं व्हतं न्हवं?"

"जोडलं," मी म्हटलं.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं आणि लिसी आली, नेहमीपेक्षा तासभर उशिरा. बारा तासांची ड्युटी करून, युनिफॉर्ममध्येच, डोळे तांबारलेले. आईला बघताच ती तिथंच वाकली. "अम्मा," म्हणाली, आणि मग मल्याळममध्ये भडाभडा काहीतरी बोलली. आई तिला मराठीत म्हणाली, "आधी जेव. मग बोल." लिसी मान हलवून खुर्चीवर बसली. आईनं टूरच्या डब्यातून आणलेल्या पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी तिच्यापुढं ठेवली. एक बाई मराठीत बोलत होती, दुसरी मल्याळममध्ये, आणि दोघींचं काही अडत नव्हतं. मीच तेवढी मध्ये मूर्खासारखी भाषांतर करत उभी होते.

जेवल्यावर आई लिसीला वर घेऊन गेली. निळी उशी तिनं स्वतः उचलून बाजूला ठेवली, फुलाफुलांची नीट केली, लिसीला झोपवलं आणि खिडकीचा पडदा ओढला. दोन मिनिटांत लिसी घोरायला लागली. आम्ही दोघी पलंगाशेजारी जमिनीवर बसलो, आमच्या घरच्यासारख्या, भिंतीला टेकून.

"मला न्यायला आलीयस ना?" मी हळूच विचारलं.

"न्यायलाच आले व्हते." तिनं लपवलं नाही. "तुझ्या त्या घराच्या फोटूत दाराला पितळी पाटी हाय. केंद्रात येणाऱ्या एका डॉक्टरकडनं वाचून घेतली. कुणा वकिलाचं नाव हाय तिच्यावर. तवाच ठरवलं, जायचं आणि घेऊन यायचं."

पाटी माझ्या लक्षातच आली नव्हती.

"तुझी ड्युटी कितीला?"

"एकला. आज दुपारची पाळी मागून घेतलीय."

"मग ऊठ. आवर."

मी युनिफॉर्म घातला, केस बांधले. अजून तिनं काहीच सांगितलं नव्हतं. खालच्या दाराशी आलो तेव्हा तिनं पिशवीतून एक छोटा स्टीलचा डबा काढला. आत घट्ट दही होतं.

"हे कुठलं?"

"घरचं. तिकडनं निघताना रुमाल दह्यात बुडवला आणि सावलीत वाळवला. इमानातनं उतरल्यावर दुधात टाकला. नऊ गावांत लावलं, नऊ गावांत लागलं." तिनं डब्याचं झाकण माझ्या हातात दिलं. "ह्यातलं निम्मं सैपाकघरात तुझ्या फडताळात ठेवलंय. रोज लावायचं. त्या पोरीलाबी घालायचं."

मग तिनं चमचा भरला. "हात."

मी उजवा हात पुढं केला. तिनं चमचा तळहातावर टेकवला. गार वाटलं.

"त्या दिवशी दही व्हतं," ती म्हणाली. "पातेलं भरून व्हतं. मी दिलं न्हाई."

"माहीत होतं मला."

"आता दिलं. जा ड्युटीला."

मी दही चाटलं. आंबट, मिरजेच्या दह्यासारखंच. मी उंबऱ्यावर पाय ठेवला, तर आईनं मागून माझी बाही ओढली. वळले. तिनं डबा आणि चमचा माझ्याकडं दिला आणि स्वतःचा हात पुढं केला, पीठ मळून मळून भेगा पडलेला, मनगटावर भाजल्याचा डाग असलेला.

"मलाबी घाल की," ती म्हणाली. "मीबी स्कॉटलंडला चाललीय."